लिनोकटमध्ये कृष्णवर्णीय चेहरा: काळ्यातून उजेड कोरताना

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर घेतलेली छाप. कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेला काळा उमटतो. त्यात कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा करायला घेतला की नवशिक्याच्या हातून एक चूक हमखास होते. त्वचा काळी म्हणून चेहऱ्याचा भाग न कोरता तसाच सोडला जातो आणि डोळे, दात, ओठांची कड एवढंच कोरून पांढरं केलं जातं. छाप निघाल्यावर कागदावर माणूस नसतो. अमेरिकेत १८३० च्या दशकापासून गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांच्या नकला करत. त्या खेळांच्या जाहिरातींतलं विद्रूप सोंग तिथे उमटलेलं असतं. करणाऱ्याच्या मनात तसं काहीही नसतं, पण न कोरलेला काळा सपाट भाग त्याला तिथेच नेऊन सोडतो. म्हणून या माध्यमात जुना साचा मोडायचा तर विषयाआधी उजेडाचा विचार करावा लागतो.

हत्यार हातात घेण्यापूर्वी कृष्णवर्णीय अमेरिकी कलाकार एलिझाबेथ कॅटलेट यांचं ‘शेअरक्रॉपर’ (१९५२) हे लिनोकट सावकाश पाहा. गुलामगिरी भोगलेल्यांची ही नात १९४६ मध्ये मेक्सिकोला गेली आणि तायेर दे ग्राफिका पोपुलार या कार्यशाळेत काम करू लागली. लिनोलियम स्वस्त आणि एका ठशातून छापा भरपूर निघतात, त्यामुळे चित्र सामान्य माणसाच्या भिंतीपर्यंत पोचतं, हे तिथलं धोरण. या चित्रात दुसऱ्याची जमीन बटईने कसणारी स्त्री आहे. डोक्यावर रुंद काठाची हॅट, जाकीट गळ्याशी सेफ्टी पिनने अडकवलेलं. गरिबी लपवलेली नाही. पण आपण तिच्याकडे खालून वर पाहतो, आणि गालाच्या हाडावरून, मानेच्या शिरांवरून बारीक रेघा त्या त्या वळणाने धावतात. सगळा मान त्या कोनात आणि त्या रेघांत आहे.

आता आपलं काम. ज्यांचं चित्र करायचं त्यांची परवानगी घ्या आणि आपण कसं दिसावंसं वाटतं ते त्यांनाच विचारा. वळलेली मूठ आणि तुटलेली बेडी ही चिन्हं इतकी वापरली गेली आहेत की त्यांच्यामागे माणूस दिसेनासा होतो. केस विंचरणं, वाचणं, नुसतं निवांत बसणं यातही चिवटपणा असतो. फोटो एका बाजूच्या खिडकीच्या उजेडात, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली धरून काढा. समोरून फ्लॅश मारू नका. कपाळ आणि नाक यांवर पांढरे डाग पडतात आणि बाकीचे उतार सपाट होतात.

३.२ मिमी जाडीचा, साधारण २० × २५ सेंमीचा लिनोलियमचा तुकडा पहिल्या चित्राला पुरतो. कोरण्या तीन: १ मिमीची व्ही (टोकाचा आकार इंग्रजी V सारखा), ३ मिमीची यू (गोलसर, U सारखी) आणि मोठी जागा काढायला ८ मिमीची यू. रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करून लिनोवर उलटं उतरवा, कारण छाप आरशातल्यासारखी येते. अक्षरं असतील तर दोनदा तपासा. मग लिनोवर पातळ राखाडी रंगाचा हात द्या, म्हणजे कोरलेली रेघ लगेच वेगळी दिसते.

सर्वांत उजळ तीन-चार जागा ठरवा: कपाळाचा उंचवटा, गालाचं हाड, नाकाचा दांडा, खालच्या ओठाचा फुगीरपणा. तिथून व्हीने रेघा सुरू करा आणि सावलीकडे जाताना दाब कमी करत न्या. रेघ आपोआप बारीक होत संपते. रेघ हाडाच्या वळणाने गेली पाहिजे. गालावर आडव्या सरळ रेघा ओढल्या तर तो गजाआडचा चेहरा वाटतो. डोळ्याचा पांढरा भाग पूर्ण कोरू नका. वरच्या पापणीची सावली राखून जेमतेम अर्धा मोकळा करा. ओठांना बाहेरून पांढरी कड तर कधीच देऊ नका. केस एक काळा गोळा म्हणून सोडणंही तितकंच वाईट: वेण्या असतील तर प्रत्येक पेड, कुरळे असतील तर आखूड वळणदार टोचे. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जावा.

लिनो कडक झाला असेल तर कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीवर दोन-तीन मिनिटं ठेवा. दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे.

अर्धा चमचा तेलातली शाई काचेवर रोलरने पसरवा. चरचर असा बारीक आवाज आला म्हणजे थर बरोबर. चिकट, चपचप आवाज म्हणजे शाई जास्त, आणि मग नेमक्या गालावरच्या बारीक रेघा बुजतात. चेहरा पुन्हा सपाट काळा झाला की पुष्कळ जण पुन्हा कोरायला बसतात. आधी शाई पुसून पातळ थराने छापून पाहा. ८० ते १२० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. काळा भाग ठिपकेदार आला तर दाब कमी पडला आहे.

पहिली छाप हाताएवढ्या अंतरावर धरा, मग तीन मीटरवरून पाहा. लांबून डोळे आणि दातच आधी दिसत असतील तर गाल आणि कपाळ अजून उघडायला हवं. कोरलेलं परत भरता येत नाही, म्हणून एका वेळी पाच-सहा रेघा वाढवून नवी छाप काढा. मग ती चित्रातल्या व्यक्तीला दाखवा.

जुनी वर्णद्वेषी प्रतिमाच चित्रात वापरायची असेल तर जपून. अमेरिकी कलाकार बेट्ये सार यांनी १९७२ मध्ये ‘आंट जेमायमा’ या पॅनकेकच्या पिठाच्या जाहिरातींतली हसरी कृष्णवर्णीय मोलकरीण पेटीत मांडली, पण तिच्या हाती झाडूसोबत बंदूक दिली. नुसती प्रतिमा उचलून मांडली तर अपमान पुन्हा छापला जातो.

शाई वाळायला काही दिवस द्या. खाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक (३/२० म्हणजे वीसपैकी तिसरी), उजवीकडे सही, मधे नाव. कॅटलेट यांच्या १९४६–४७ च्या पंधरा लिनोकटच्या मालिकेतली नावं ‘मी’च्या तोंडची आहेत: मी कृष्णवर्णीय स्त्री आहे, मी अमेरिकेत कायम कष्ट केले. आपल्या चित्राचं नावही त्या व्यक्तीच्याच शब्दांत मागून घ्या.