एक खोली, चार दिवस आणि चार लिटर रंग

दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाही, आणि मिळालाच तर एका खोलीसाठी यायला तयार नसतो. मग दहा बाय बाराची बेडरूम स्वतःच रंगवायची ठरवलीत तर हरकत काहीच नाही. फक्त दोन गोष्टी आधी ऐका. एक, दिवाळीच्या आत उरकायचा हट्ट सोडा. जूनपासून पाणी प्यायलेली भिंत ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरून कोरडी दिसते, आतून नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. दोन, चार दिवसांतले तीन दिवस रंगाचा डबा उघडायचाच नाही. हे मान्य असेल तर टेप घ्या आणि भिंती मोजायला लागा.

किती रंग, कोणता रंग

चारी भिंतींची लांबी मिळून 44 फूट. उंची साडेनऊ फूट धरली तर 418 चौरस फूट. त्यातून दाराचे 21 आणि खिडकीचे 16 वजा करा, उरले 381. छताचे 120 वेगळे, कारण तिथे बहुतेक पांढराच लागतो. लिटरमागे किती चौरस फूट हे डब्यावर छापलेलं असतं. तो आकडा एका हाताचा, म्हणजे एका थराचा, आहे की दोन हातांचा, ते नीट वाचा. शिवाय तो गुळगुळीत भिंतीवरचा असतो. मी दोन हात मिळून लिटरला शंभर चौरस फूट धरतो, म्हणजे भिंतींना चार लिटर.

पहिल्यांदाच करत असाल तर मॅट फिनिशचं, म्हणजे चमक नसलेलं, साधं इमल्शन (पाण्यात कालवायचा प्लास्टिक रंग) घ्या. चमकदार रंग पुसायला सोपा असतो, पण भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा पाण्यातला साधा रंग, स्वस्त पडतो, मात्र ओल्या फडक्याने पुसायचं म्हटलं की त्याचा निभाव लागत नाही.

शेडकार्डावरून थेट चार लिटर मागवू नका. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मी निवडलेला फिकट पिस्ता चारी भिंतींवर चढल्यावर खोली जुन्या दवाखान्यासारखी दिसायला लागली होती. समोरासमोरच्या भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो, त्यामुळे मोठ्या भागावर शेड गडद वाटते. सर्वात लहान डबा आणा, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून बघा.

भिंत काय सांगते ते बघा

पलीकडे बाथरूम असलेली किंवा पावसाचा मारा खाणारी भिंत आधी तपासा. हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल आतून येते आहे. मग आधी गळती बंद करायची, भिंत सुकू द्यायची. ओलीवर रंग चढवला की पुढच्या पावसाळ्यात पोपडे ठरलेले.

ओलं बोट भिंतीवर घासून बघा. पांढरी भुकटी बोटाला लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. तो स्क्रॅपरने खरवडून, ओल्या फडक्याने पुसून काढावाच लागतो. नव्या रंगाने जुन्याला धरलं, तरी जुन्याने भिंतीला धरलेलं नसतं.

इमारत जुनी असेल आणि दारं-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत हवं, हा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत ते बरंच जास्त असू शकतं. अशा ठिकाणी पाणी लावूनच घासा, मास्क बांधा आणि लहान मुलांना घराच्या त्या भागात येऊ देऊ नका.

लांबी, म्हणजे पुट्टी

भेगा-खळगे भरून भिंत सपाट करणारा हा लगदा. खरं काम इथे आहे. सामान बाहेर काढा, जे निघत नाही ते खोलीच्या मध्ये ढकलून जुन्या चादरींनी झाका. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डाचे स्क्रू सैल करा, म्हणजे पुट्टी बोर्डाच्या कडेमागेही जाते. केसासारख्या भेगा स्क्रॅपरच्या टोकाने थोड्या रुंद करा, धूळ झटका, पाणी शिंपडा आणि भरा. नाणं आत जाईल एवढी भेग असेल, किंवा भरूनही पुन्हा त्याच जागी उघडत असेल, तर ती जाणकाराला दाखवा. तो रंगकामाचा विषय नाही.

पुट्टी कालवताना भांड्यात आधी पाणी, मग पावडर. उलटं केलंत की गुठळ्या. श्रीखंडाइतकी घट्ट हवी, आणि दोनेक तासांत संपेल तेवढीच कालवा. पत्र्याच्या पट्टीने खालून वर ओढत पातळ थर द्या. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ बरे, जाड थराला सुकताना तडे जातात. पहिला थर पहिल्या दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या सकाळी पॉलिश पेपर. 150 नंबरने सुरुवात, 220ने शेवट. खोली पिठाच्या गिरणीसारखी होते, म्हणून दार बंद ठेवा आणि खालच्या फटीत ओलं फडकं कोंबा. घासून झालं की खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर पट्टीच्या रेघा, राहिलेले खळगे, सगळं सावली टाकून समोर येतं. तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेवढंच पुन्हा नीट करा. हा अर्धा तास मी कधीच वाचवत नाही.

धूळ पुसून संध्याकाळी पाण्यातला प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, एक हात. डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी घाला. प्रायमर टाळला तर पुट्टी रंग शोषून घेते आणि चार लिटरचे सहा लिटर होतात.

चौथा दिवस

आधी छत, मग भिंती. दोन डबे आणले असतील तर एका बादलीत एकत्र करून ढवळा. मशीनवर बनवलेल्या दोन डब्यांच्या शेडमध्येही किंचित फरक पडतो.

अडीच इंची ब्रशने कोपरे आणि कडा दोन-तीन इंच रंगवून घ्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर जवळ आणा. सगळ्या खोलीच्या कडा आधी उरकून घेतल्यात तर चौकटीसारखा पट्टा कायम दिसतो. एक भिंत मध्ये थांबून चहाला जाऊ नका. पंखाही बंद ठेवा, खिडकी उघडी चालेल. पंख्याच्या वाऱ्याने कड लवकर सुकते आणि जोड दिसतो. रोलर चिकट आवाज करायला लागला की तो कोरडा पडलाय. दाबू नका, पुन्हा ट्रेमध्ये बुडवा.

दुसरा हात चार ते सहा तासांनी. तोपर्यंत ब्रश आणि रोलर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, मध्येच धुवायची गरज नाही. पहिल्या हातानंतर भिंत डागाळलेली दिसते. घाबरून त्याच जागी घासत बसू नका. चौकटीला रंग लागू नये म्हणून कडेने लावलेला मास्किंग टेप (चिकट कागदी पट्टी) मात्र दुसरा हात थोडा ओला असतानाच, तिरका ओढून काढा. मी एकदा दोन दिवसांनी काढला, तेव्हा दाराच्या चौकटीलगत वीतभर रंग टेपबरोबर निघून आला.

उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा, वर शेडचा नंबर आणि तारीख चिकटवा. पहिला खिळा कुणी ना कुणी महिनाभरात ठोकतोच.