वंश, रंग आणि प्रांतावरच्या विनोदाला एकच माप कसे लावावे

महाविद्यालयांचे एकांकिका संघ, सामुदायिक रेडिओवर कार्यक्रम करणारी मुले, कॅफेंमध्ये होणारे स्टँड-अपचे ओपन माइक, घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित होणारे मराठी पॉडकास्ट आणि गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात बसवली जाणारी प्रहसने, अशा अनेक ठिकाणी पुण्यात रोज कोणी ना कोणी लोकांना हसवत असते. या प्रत्येक ठिकाणी कधी तरी कोणाच्या रंगावर, चेहऱ्यावर, बोलीवर किंवा प्रांतावर विनोद येतो आणि तो ठेवायचा की काढायचा हे कोणाला तरी ठरवावे लागते. हे लेखन त्या ठरवणाऱ्यांसाठी आहे. एकच वाक्य एकाच्या तोंडी 'बेधडक' ठरते आणि दुसऱ्याच्या तोंडी 'हीन' ठरते, याचे कारण बहुतेक वेळा असे असते की आपण आधी कोण बोलले ते पाहतो आणि काय बोलले याचा निकाल त्यावरून लावतो. हा क्रम उलटा करणे हेच खरे काम आहे.

त्यासाठी नियम आधी ठरले पाहिजेत, वाद झाल्यावर नव्हे. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेतील रेडिओ निवेदक डॉन आयमस याने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाबद्दल वंशवाचक आणि स्त्रियांची हेटाळणी करणारे शब्द थेट प्रक्षेपणात वापरले. अशा शेरेबाजीसाठी तो वर्षानुवर्षे ओळखला जात होता आणि त्याचा कार्यक्रम तरीही चालू होता. या वेळी प्रथम दोन आठवड्यांचे निलंबन जाहीर झाले. मोठे जाहिरातदार बाहेर पडू लागल्यावर एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीने त्याचे प्रक्षेपण थांबवले, दुसऱ्या दिवशी सीबीएस रेडिओने त्याला काढून टाकले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो दुसऱ्या केंद्रावरून पुन्हा श्रोत्यांसमोर आला. उच्चारलेले शब्द पहिल्या दिवशी जे होते तेच शेवटपर्यंत होते, पण शिक्षा मात्र बाहेरच्या दडपणाप्रमाणे बदलत गेली. आपल्या गटावर ही वेळ येऊ नये म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच एका कागदावर लिहून ठेवावे की निर्णय कोण घेणार, कोणत्या प्रश्नांच्या आधारे घेणार आणि संहिता कोणाला दाखवणार. निर्णय घेणाऱ्यांत गटाबाहेरची निदान एक व्यक्ती असावी. संहितेचे पहिले वाचन लेखकाचे नाव झाकून, लेखकाखेरीज दुसऱ्या कोणी तरी मोठ्याने करावे, म्हणजे गटातला लाडका लेखक आणि काल आलेला मुलगा यांच्या ओळी सारख्याच ऐकल्या जातात.

त्यानंतर अदलाबदल करून पाहावी. हिंदी मालिकांत आणि चित्रपटांत धुणीभांडी करणारी बाई पुन्हा पुन्हा मराठीच असते आणि तिच्या हेलावर हशा घेतला जातो, याचा आपल्याला राग येतो. कोणी 'घाटी' म्हटले की आपण चिडतो आणि ते योग्यच आहे. पण आपल्याच प्रहसनात 'भैया' मूर्ख असतो, दाक्षिणात्य माणूस केवळ 'अय्यो' म्हणण्यासाठी येतो आणि ईशान्येकडच्या विद्यार्थ्याला 'चिंकी' किंवा 'मोमो' म्हटल्यावर टाळी मिळते, तेव्हा तो राग आपल्याला आठवत नाही. पुण्यातल्या लेखनाला आणखी एक जुनी खोड आहे. नायक प्रमाण मराठी बोलतो आणि घरगडी मराठवाड्याची, वऱ्हाडाची किंवा घाटमाथ्याची बोली बोलतो. म्हणून संशयास्पद ओळ सापडली की तिच्यातल्या माणसाच्या जागी मराठी माणूस ठेवावा, बोलणाऱ्याच्या जागी दिल्लीचा किंवा मुंबईचा हिंदी विनोदवीर ठेवावा आणि ती ओळ पुन्हा वाचावी. वाचताना आपल्यालाच अंगावर काटा आला, तर मूळ ओळीलाही तोच निकाल लागू होतो.

ही चाचणी उपयुक्त असली तरी ती अपुरी आहे, आणि इथे थोडे थांबायला हवे. सदाशिव पेठेतल्या माणसाच्या चिकटपणावर आणि दुपारच्या झोपेवर शेकडो विनोद झाले, पण त्यामुळे त्याला भाड्याने घर मिळायचे थांबत नाही. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या रंगावर विनोद करणाऱ्या प्रेक्षागृहात मात्र उद्या त्यालाच खोली नाकारणारा घरमालक बसलेला असू शकतो. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या आणि अफवांच्या धास्तीने ईशान्येकडचे अनेक विद्यार्थी आणि कामगार पुणे सोडून गावाकडे गेले होते. ज्या समूहाने हे शहर भीतीपोटी सोडले, त्याच्या चेहऱ्यावरचा विनोद आणि पेठेतल्या पाटीवरचा विनोद यांचे वजन सारखे नाही. एकच माप लावणे म्हणजे सर्वांना एकच उत्तर देणे नव्हे. सर्वांना तेच प्रश्न विचारायचे असतात, आणि त्यांपैकी एक प्रश्न नेहमी असा असावा की ज्याच्यावर हसलो तो माणूस प्रेक्षागृहाबाहेर पडल्यावर रिक्षाथांब्यावर, वसतिगृहात किंवा नोकरीच्या मुलाखतीत कशाला सामोरा जातो.

'ते स्वतः तर तसेच बोलतात' हा आक्षेप हमखास येतो. आयमसच्या वेळीही रॅप गाण्यांत तेच शब्द असतात असे सांगितले गेले. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकू नये. हिप-हॉपच्या व्यवसायात नाव मिळवलेल्या रसेल सिमन्स यांनी त्याच महिन्यात ध्वनिमुद्रण कंपन्यांना असे तीन शब्द गाण्यांच्या प्रसारणयोग्य आवृत्त्यांतून वगळण्याचे आवाहन केले, म्हणजे त्यांनी तेच माप स्वतःच्या घरालाही लावले. आपल्या गटासाठी मी असे सुचवेन की स्वतःच्या समूहावर विनोद करणाऱ्याला अधिक मोकळीक द्यावी, परंतु ती मोकळीक त्याच्या मित्राला, सहकलाकाराला किंवा निवेदकाला उसनी मिळत नाही, आणि 'आम्ही सगळेच मराठी' एवढ्या आधारावर पुणेकराला वऱ्हाडी बोलीची टिंगल करण्याचा हक्कही मिळत नाही.

संहितेवर प्रत्यक्ष काम कसे करावे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सोसायटीतला प्रवेश आहे. सचिव जोशी विचारतात, "काल रात्री बारा वाजता फाटक कोणी उघडलं?" पहारेकरी सलाम ठोकून म्हणतो, "शाबजी, हम तो शोया था, शाबजी!" इथे हशा अपेक्षित आहे. आता उच्चार काढून टाकावा आणि वाक्य साधे करावे: "साहेब, मी झोपलो होतो." हसू उरत नाही, म्हणजे ओळीत विनोद नव्हताच, केवळ उच्चार होता. आता तोच प्रवेश असा लिहून पाहावा. जोशी प्रश्न विचारतात, पहारेकरी नोंदवही उघडतो आणि शांतपणे म्हणतो, "नोंद आहे साहेब, बारा वाजून दहा मिनिटं. नाव मोठ्यानं वाचू का? वहिनी मागेच उभ्या आहेत." हशा आता जोशींवर आहे. पहारेकरी नेपाळचा असो, बिहारचा असो वा बीडचा, विनोदाला धक्का लागत नाही, आणि नटाने त्याचा मूळ उच्चार ठेवला तरी हरकत राहत नाही. बोली काढून टाकण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही, कारण बोलीने पात्र जिवंत होते. मात्र बोली बोलणारे पात्र संपूर्ण प्रयोगात एकदा तरी इतरांवर मात करते का, हे मोजून पाहावे.

रंगाच्या बाबतीत आपण सर्वांत सैल आहोत. २०१६ मध्ये अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी एका दूरचित्रवाणी विनोदी कार्यक्रमातून निघून गेल्या, कारण तिथे त्यांच्या सावळ्या रंगावरच विनोद चालले होते. २०२० मध्ये वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमी याने सांगितले की आयपीएलमध्ये आपल्याला 'कालू' म्हणत आणि त्याचा अर्थ आपल्याला फार उशिरा कळला. २०२१ मध्ये नृत्यस्पर्धेचा सूत्रसंचालक राघव जुयाल याने आसामच्या एका लहान मुलीची ओळख चिनी बोलण्याची नक्कल आणि मोमोचा उल्लेख करून दिली, आणि टीका झाल्यावर त्याला खुलासा करावा लागला. अशा प्रसंगांत 'प्रेमाने म्हटले होते' हे उत्तर ठरलेले असते. हेतूचा विचार जरूर करावा, पण योग्य जागी करावा. बोलणाऱ्याला काय शिक्षा द्यायची हे ठरवताना हेतू महत्त्वाचा आहे. ओळ ठेवायची की कापायची हे ठरवताना नाही, कारण ऐकणाऱ्यापर्यंत शब्द पोहोचतो, हेतू पोहोचत नाही.

जुन्या ध्वनिफितींचाही नियम आधीच करावा. बीबीसीने गोऱ्या गायकांना तोंडे काळी करून नाचवणारा 'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे चालवला. १९६७ मध्ये तो थांबवण्याची मागणी करणारे निवेदन दिले गेले, तरीही लोकप्रियतेने त्याला आणखी अकरा वर्षे तारले. २०२० मध्ये मात्र बीबीसीने 'लिटल ब्रिटन' ही मालिका अशाच चेहरेरंगासाठी आपल्या संकेतमंचावरून हटवली, आणि त्याच सुमारास अमेरिकेत दूरचित्रवाणी सूत्रसंचालक जिमी फॅलन याने २००० सालच्या तशाच प्रवेशाबद्दल माफी मागितली व त्याचा कार्यक्रम सुरू राहिला. माझ्या मते गुपचूप पुसून टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. जुना भाग काढायचा असेल तर कारण जाहीर लिहून काढावा, ठेवायचा असेल तर सुरुवातीला स्पष्ट टीप द्यावी, आणि हा नियम गटातल्या ज्येष्ठांच्या भागांनाही लावावा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधील कार्यक्रम संहितेत वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांचे चित्रण बदनामीच्या, उपहासाच्या किंवा तुच्छतेच्या वृत्तीने करण्यास मनाई आहे. ही संहिता दूरचित्रवाहिन्यांसाठी असली तरी तिचे शब्द छोट्या गटाच्या नियमपत्रातही चांगले उपयोगी पडतात. जातीवरच्या विनोदाबाबत अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देणारा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि लोकांसमक्ष झालेल्या जातिवाचक अपमानाला 'गंमत होती' हा बचाव पुरेल असे धरून चालू नये. शंका असल्यास वकिलाला आधी विचारावे.

तक्रार आल्यावरही पद्धत एकच हवी. केबल टेलिव्हिजन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिन्यांना तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यावा लागतो. तीच मुदत आपणही पाळावी. प्रथम ध्वनिफीत पूर्ण ऐकावी, कारण समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तुकड्यात मागचे-पुढचे संदर्भ नसतात. मग सुरुवातीचा कागद काढून तेच प्रश्न क्रमाने विचारावेत, आणि तक्रारदाराने गर्दी जमवली आहे की तो एकटाच आला आहे, याचा निर्णयावर परिणाम होऊ देऊ नये. चूक नसेल तर तसे कारणांसह लेखी कळवावे. चूक असेल तर माफीत 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास' हे शब्द वापरू नयेत, कारण त्यात दोष ऐकणाऱ्याच्या भावनांवर जातो. "आमच्या अमुक भागात ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर विनोद केला गेला. तो चुकीचा होता. तो भाग आम्ही काढला आहे आणि संहिता तपासण्याची जबाबदारी आमची होती," एवढे तीन वाक्यांत पुरते. ही माफी विनोद ज्या माध्यमातून गेला त्याच माध्यमातून, त्याच वेळेला द्यावी, आणि तक्रार, निर्णय व कारणे नोंदवहीत उतरवून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कलाकाराविरुद्ध तशीच तक्रार आली की आधीचा निर्णय समोर ठेवून बोलता येते.