बालेनबर्गमधील जुनी घरे कशी पाहावीत

इंटरलाकेनला मुक्काम करणारे बहुतेक मराठी पर्यटक युंगफ्राउयोखचा बर्फ पाहून पुढच्या गावाला निघतात. त्याच मुक्कामातला एक अख्खा दिवस बालेनबर्ग या जुन्या घरांच्या संग्रहालयासाठी राखून ठेवावा, कारण स्वित्झर्लंडमधला शेतकरी कसा राहत होता हे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी जागा त्या देशात नाही. 1978 मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयाला छप्पर असे नाहीच. सुमारे 66 हेक्टरांच्या डोंगराळ, झाडीच्या जागेत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या शंभराहून अधिक जुन्या वास्तू उभ्या आहेत. जी घरे मूळ जागी टिकणे शक्य नव्हते, त्यांच्या तुळया आणि फळ्यांवर क्रमांक घालून ती उतरवण्यात आली आणि येथे पुन्हा जशीच्या तशी जोडण्यात आली.

संग्रहालय साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच उघडे असते, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हा बेत करू नये. इंटरलाकेन ओस्ट स्थानकावरून आगगाडीने वीसेक मिनिटांत ब्रिएन्त्स येते आणि तेथून पोस्टाची पिवळी बस संग्रहालयाच्या दाराशी नेऊन सोडते. दारे दोन आहेत. पश्चिमेचे हॉफस्टेटन गावाच्या बाजूला आहे आणि पूर्वेचे ब्रिएन्त्सविलरच्या बाजूला. एका दाराने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडणे सर्वांत सोयीचे, नाहीतर चाललेली सगळी वाट परत तुडवावी लागते. पश्चिमेकडून सुरुवात केल्यास ज्युरा डोंगररांगेतली आणि मधल्या सखल प्रदेशातली घरे आधी लागतात आणि आल्प्समधली लाकडी घरे शेवटी येतात. चढउतार बराच असल्याने चपला नकोत, पक्के बूट हवेत.

सगळी घरे पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. तसे केल्यास दुपारनंतर प्रत्येक घर आधीच्या घरासारखेच दिसू लागते. सात-आठ घरे निवडावीत आणि प्रत्येकाला अर्धा तास द्यावा.

घराजवळ जाण्यापूर्वी थोडे दूर थांबून छप्पर पाहावे, कारण त्या मुलखातला पाऊस, बर्फ आणि पीक या तिन्हींचा हिशेब छपरातच मांडलेला असतो. आरगाउ कॅंटनमधील (म्हणजे प्रांतातील) ओबरएंटफेल्डनहून आणलेले 1609 चे घर पेंढ्याने शाकारलेले आहे. त्याचे उतरते छप्पर इतके खाली येते की भिंती जवळजवळ झाकल्या जातात, आणि आढ्याचा भार जमिनीपासून थेट वर गेलेल्या उंच खांबांवर तोललेला असतो. कोकणातल्या घराची मेढ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. हा धान्य पिकवणारा मुलूख असल्याने शाकारणीला पेंढा मुबलक होता, आणि माणसे, गुरे व मळणीची जागा असे सारे एकाच छपराखाली मावत असे. ला शो-द-फोंहून आलेल्या 1617 च्या घराचे छप्पर याउलट रुंद आणि पसरट आहे. ज्युरातल्या चुनखडीत पाणी ठरत नाही, म्हणून छपरावर पडलेले पाणी गोळा करून टाकीत साठवावे लागे. आल्प्समधल्या घरांचे छप्पर कमी उताराचे असते, त्यावर लाकडाच्या चिरफळ्या अंथरून वर दगड ठेवलेले असतात. उतार जास्त असता तर ते दगड घसरून पडले असते.

नंतर भिंतीच्या कोपऱ्याशी जावे. आडेलबोडनचे 1698 चे घर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आडवे ओंडके एकावर एक रचून कोपऱ्यात खाचा पाडून ते एकमेकांत अडकवलेले असतात, आणि त्या सांध्यावरून बोट फिरवले की सुताराचा हात किती सफाईदार होता ते कळते. याच्या अगदी उलट गंमत ऑस्टरमुंडिगेनच्या 1797 च्या घरात आहे. त्याचा दर्शनी भाग लाकडाचाच, पण करड्या रंगाने असा रंगवलेला की लांबून तो घडीव दगडाचा वाटावा. शहरातल्या श्रीमंतांसारखे दिसण्याची हौस शेतकऱ्यालाही होतीच, आणि मला हे घर त्यामुळेच सर्वांत माणसाळलेले वाटते.

आत शिरल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघर गाठावे. जुन्या घरांपैकी कित्येकांत धुरांडे नसे, त्यामुळे चुलीचा धूर छपराखालून फिरत वाट काढी. वरच्या तुळया काजळीने इतक्या काळ्या आणि चकचकीत झालेल्या असतात की डांबर फासले असावे असे वाटते. त्याच धुरात मांस टांगून टिकवले जाई. शेजारच्या बसायच्या खोलीत मात्र धुराचा मागमूस नसतो, कारण तिथल्या भट्टीत लाकडे घालण्याचे तोंड स्वयंपाकघराच्या बाजूला असते. म्हणजे ऊब खोलीत आणि धूर बाहेर. भट्टीला लागून असलेला बाक पाहून हिवाळ्याच्या संध्याकाळी घरातले सगळे कुठे गोळा होत असतील हे वेगळे सांगावे लागत नाही. डोकी सांभाळावीत, दारे बुटकी आहेत.

घर पाहून झाल्यावर लगेच पुढे न जाता भोवतालच्या लहान वास्तूंकडे वळावे. बर्नकडील शेतकरी धान्य, ठेवणीतले कपडे आणि मौल्यवान चीजवस्तू घरापासून वेगळ्या छोट्या कोठारात ठेवी, कारण लाकडी घराला आग लागली तर निदान वर्षाचे धान्य तरी वाचावे. व्हॅले भागातली कोठारे लाकडी खुंटांवर उभी असतात, आणि प्रत्येक खुंट व कोठार यांच्यामध्ये दगडाची सपाट गोल चकती बसवलेली असते. उंदीर खुंटावर चढतो, पण चकतीच्या खालच्या बाजूला उलटे लोंबकळून पुढे जाणे त्याला जमत नाही. ही चकती खाली वाकून अवश्य पाहावी.

संग्रहालयात कारागीर प्रत्यक्ष काम करताना दिसतात. लोहारकाम, टोपल्या विणणे, विस्तवावरच्या कढईत चीज करणे यांपैकी त्या दिवशी काय कुठे आहे, हे प्रवेशद्वारावरच विचारून मग वाट ठरवावी. चीज होताना पाहायचे असेल तर ती वेळ गाठावीच, बाकीची घरे तिच्या मागेपुढे बसवता येतात. मुले बरोबर असतील तर गाई, शेळ्या, डुकरे आणि कोंबड्या यांच्यापाशी त्यांचा वेळ जाईल, तो गृहीत धरावा. आतली उपाहारगृहे आहेत, पण शाकाहारी मंडळींनी पाव आणि चीज विकत घेऊन झाडाखाली बसणे अधिक सुखाचे. पूर्वेच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी परतीच्या बसची वेळ पाहून ठेवावी, कारण संध्याकाळी एक बस चुकली की पुढचीसाठी बराच वेळ थांब्यावर बसून राहावे लागते.