अँग्युलरमध्ये रुपयांच्या रकमेसाठी स्वतःचा इनपुट कसा बनवावा

एका पतसंस्थेच्या कर्ज-अर्जाचं काम करताना कळलं, की रकमेच्या एका रकान्यात लोक काय काय भरू शकतात. कोणी १२५००० लिहितं, कोणी १,२५,०००, कोणी चेकवर लिहावं तसं ‘रु. १,२५,०००/-’. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असेल तर आकडेही देवनागरी. ब्राउझरच्या ‘नंबर’ प्रकारच्या इनपुटला यातलं साधं १२५००० तेवढं चालतं, तेही इंग्रजी आकड्यांत. बाकी काही लिहिलं तर ब्राउझरनुसार ते अक्षर उमटतच नाही किंवा व्हॅल्यू म्हणून रिकामी स्ट्रिंग (मजकूर) मिळते. तेव्हा रकमेचा इनपुट आपणच लिहायचा.

अँग्युलर ही वेब ॲप बनवायची चौकट. तिच्या फॉर्मला हवी असते संख्या, माणसाला हवा असतो वाचता येईल असा मजकूर. दोघांत एक दुभाष्या लागतो. २०१६मध्ये अँग्युलर २ आलं तेव्हापासून या दुभाष्याचं नाव आहे ‘कंट्रोल व्हॅल्यू ॲक्सेसर’.

आधी एक छोटा कंपोनंट (पानाचा स्वतंत्र तुकडा) करा आणि त्यात ‘टेक्स्ट’ प्रकारचा साधा इनपुट ठेवा. इनपुटमोड ‘डेसिमल’ दिला की मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड येतो. मग कंपोनंटच्या प्रोव्हायडर्समध्ये (कशासाठी काय वापरायचं हे अँग्युलरला सांगणाऱ्या यादीत) ‘एनजी व्हॅल्यू ॲक्सेसर’ या टोकनखाली तुमचा क्लास ‘यूज एक्झिस्टिंग’ने नोंदवा आणि ‘मल्टी’ ट्रू ठेवा. क्लास अजून तयार व्हायचा असतो, म्हणून नाव ‘फॉरवर्ड रेफ’मध्ये गुंडाळा. ही नोंद राहिली तर ‘नो व्हॅल्यू ॲक्सेसर फॉर फॉर्म कंट्रोल’ अशी एरर येते. ती दिसली की दुसरीकडे शोधत बसू नका.

आता चार मेथड. ‘राइट व्हॅल्यू’मध्ये फॉर्म तुम्हाला संख्या देतो, ती पडद्यावर दाखवा. ‘रजिस्टर ऑन चेंज’ आणि ‘रजिस्टर ऑन टच्ड’मध्ये तो दोन फंक्शन सोपवतो, ती जपून ठेवा. पहिलं टायपिंग झालं की बोलवायचं, दुसरं रकान्यातून बाहेर पडताना. ‘सेट डिसेबल्ड स्टेट’ ऐच्छिक आहे, पण लिहाच. नाहीतर फॉर्म डिसेबल केल्यावरही रकान्यात खुशाल टाइप करता येतं.

इथली हमखास चूक म्हणजे ‘राइट व्हॅल्यू’च्या आतूनच चेंजचं फंक्शन बोलावणं. सर्व्हरवरून आलेली रक्कम फॉर्ममध्ये भरली रे भरली, की कोणी हात न लावताच फॉर्म ‘डर्टी’, म्हणजे वापरणाऱ्याने बदललेला, ठरतो आणि पान सोडताना ‘बदल जतन करायचे का’ म्हणून विचारत बसतो. फॉर्मने सांगितलेलं फॉर्मलाच परत सांगायचं नसतं. शिवाय कंपोनंट ‘ऑनपुश’ (बदल कळल्याशिवाय पडदा ताजा न करणारा) असेल तर दाखवायचा मजकूर सिग्नलमध्ये, म्हणजे बदलली की अँग्युलरला कळवणाऱ्या व्हॅल्यूत, ठेवा, नाहीतर आलेली रक्कम पडद्यावर उमटेलच असं नाही.

खरं काम आहे मजकुराची संख्या करण्यात. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ फंक्शन देवनागरी आकडे ओळखत नाही, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतलं) अंकासाठीचं बॅकस्लॅश-डीसुद्धा नाही. म्हणजे आकडे सोडून बाकी सगळं पुसायला गेलात तर देवनागरी आकडेच पुसले जातात. म्हणून आधी रूपांतर, मग सफाई. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, नवाचा २४१५. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हातात.

सफाईत मी एकदा चांगलाच आपटलो. अंक आणि टिंब ठेवून बाकी सगळं काढलं, आणि ‘रु. ५००’चे झाले ‘.५००’. पाचशे रुपयांचे पन्नास पैसे! ‘रु’नंतरचं टिंब दशांशचिन्ह होऊन बसलं होतं. उपाय सोपा: पहिल्या अंकाआधीचं सगळंच टाकून द्या. कर्ज मागणारा माणूस टिंबाने सुरुवात करत नाही.

रिकाम्या स्ट्रिंगवर ‘नंबर’ फंक्शन शून्य देतं. रकाना मोकळा असेल तर फॉर्मला शून्य नाही, नल (काहीच नाही) द्या, नाहीतर ‘रिक्वायर्ड’ची तपासणी मोकळा रकाना बिनबोभाट पास करते. दोन टिंबं वगैरे येऊन ‘नॅन’ (संख्या नाही) निघालं तरी नलच. उलट दिशेलाही हाच धोका आहे: फॉर्म रिसेट केला की ‘राइट व्हॅल्यू’ला नल मिळतो, आणि तो तसाच फॉरमॅटरला दिला तर रकान्यात शून्य उमटतं.

दाखवण्यासाठी लाख-कोटीचे स्वल्पविराम हाताने घालू नका. जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’मधलं ‘नंबर फॉरमॅट’ भारतीय इंग्रजी लोकेलला (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगला) इंग्रजी आकड्यांत आणि मराठी लोकेलला देवनागरीत १,२५,००० देतं. दशांशाची कमाल मर्यादा २ करा, कारण सांगितलं नाही तर तीन अंकांपर्यंत जातं.

हे स्वल्पविराम प्रत्येक कीगणिक घालायचा मोह होईल. मधला एखादा आकडा सुधारायला गेलं की मजकूर बदलतो आणि कर्सर उडी मारून शेवटी जातो. कर्सरची जागा मोजून परत बसवता येते, पण त्या भानगडीत मी पडत नाही. रकान्यात शिरताना स्वल्पविरामाविना संख्या, बाहेर पडताना सजवलेली.

शेवटी लेबल. तुमच्या कंपोनंटच्या टॅगवर दिलेला आयडी लेबलला उपयोगी पडत नाही, तो आतल्या इनपुटवर लागतो. म्हणून आयडी वेगळ्या नावाच्या इनपुट-प्रॉपर्टीतून आत पाठवा आणि लेबलवर क्लिक करून कर्सर रकान्यात जातो का ते बघा.