ह्युस्टनला आईबाबा आलेत? नासा झाल्यावर इथे घेऊन जा

आईबाबा आले की पहिल्या शनिवारी नासा, मग स्टॅफर्डचं मंदिर, मग गॅल्व्हस्टनचा समुद्र, आणि तिसऱ्या आठवड्यापासून ते बिचारे खिडकीत बसून समोरचा रिकामा रस्ता बघत असतात. माझ्याकडे आईबाबा पाच महिने होते तेव्हा मी हळूहळू एकेक जागा शोधत गेले. त्यातल्या ज्यांनी त्यांना खरंच आनंद दिला तेवढ्याच सांगते, आणि कशा क्रमाने करायच्या तेही सांगते, कारण इथे क्रम चुकला की माणसं थकून जातात आणि दोष जागेला देतात.

आधी ऊन बघायचं, मग जागा ठरवायची. मे ते सप्टेंबर अकराच्या आत उघड्यावरचं आटपायचं, भर दुपारी छपराखाली नाहीतर जमिनीखाली, आणि सूर्य मावळताना वटवाघळांच्या पुलाजवळ. वार बुधवार ते शुक्रवार धरा. मेनिल म्युझियम सोमवार-मंगळवार बंद, रॉथ्को चॅपल (चित्रकार मार्क रॉथ्कोच्या चित्रांचं प्रार्थनाघर) सोमवारी बंद, आणि डाउनटाउनचे भुयारी रस्ते शनिवार-रविवारी बंद असतात.

सकाळी थर्ड वॉर्डला जा. इथे इमॅन्सिपेशन पार्क आहे. वर्ष १८७२, इथल्या कृष्णवर्णीय लोकांना गुलामीतून सुटून जेमतेम सात वर्षं झालेली, आणि त्या लोकांनी आपापसात वर्गणी काढून ही १० एकर जमीन विकत घेतली, कशासाठी तर स्वातंत्र्याचा दिवस साजरा करायला स्वतःची जागा हवी म्हणून. तो दिवस म्हणजे १९ जून, १८६५ साली याच तारखेला गॅल्व्हस्टनमध्ये टेक्ससमधल्या गुलामांना मुक्त केल्याची घोषणा झाली होती. बाबांना 'वर्गणी' म्हटल्यावर ती बाग लगेच आपली वाटली, मग ते एकेक फलक वाचत फिरले. जवळच प्रोजेक्ट रो हाउसेस आहे, एकामागे एक खोल्या असलेली आगगाडीसारखी लहान लहान घरं, पाडायच्या बेतात होती ती १९९३ पासून कलाकारांनी वाचवली आणि आत प्रदर्शनं भरवतात. आसपास लोक राहतात हे लक्षात ठेवून फिरायचं, कोणाच्या ओसरीचे फोटो काढायचे नाहीत.

मग ऊन चढलं की बफेलो बायू पार्कमधली सिस्टर्न. ही माझी सगळ्यात लाडकी जागा. बायू म्हणजे इथला संथ वाहणारा ओढा, त्याच्या काठी सबाइन स्ट्रीटजवळ हिरवळ आहे आणि त्या हिरवळीखाली १९२६ साली बांधलेली शहराची पाण्याची टाकी आहे, दीड कोटी गॅलन पाणी मावायचं तिच्यात. पुढे गळायला लागली, गळती कुठे आहे ते सापडेना, दुरुस्ती जमेना, म्हणून २००७ मध्ये बंद केली. नंतर पार्कचं काम करणाऱ्यांनी झाकण उघडून आत बघितलं आणि ही जागा वाचली. २०१६ पासून लोकांना आत सोडतात.

आत काय आहे? २२१ खांब, प्रत्येक साधारण २५ फूट उंच आणि सडपातळ, रांगेत उभे, आणि तळाला थोडंसंच पाणी ठेवलंय त्यात खांबांचं प्रतिबिंब इतकं स्थिर पडतं की खांब दुप्पट उंच आहेत असंच वाटतं. आवाज केला तर तब्बल १७ सेकंद घुमत राहतो. गाइड म्हणाली कोणाला काही आवाज करून बघायचाय का, तर बाबांनी हळूच 'विठ्ठल' म्हटलं. एकदाच. तो शब्द एका टोकाला गेला, परत आला, परत गेला, आणि सगळे परके लोक तो विरेपर्यंत गप्प उभे होते. आईच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्याही.

इथे टूर वेळेनुसार असते, म्हणून तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि लहान मुलं असतील तर वयाची अट बघून घ्या. आत दमट असतं, उजेड कमी असतो, कठड्याच्या कडेने चालायचं असतं, गुडघे दुखत असतील तर हात धरा.

दुपारी मॉन्ट्रोजमध्ये रॉथ्को चॅपल आणि मेनिल, चालत जाण्याइतकी जवळ, दोन्ही फुकट. चॅपल १९७१ साली उघडलं, ते बघायला खुद्द रॉथ्को नव्हता, तो आदल्या वर्षीच गेला. आठ कोनी खोली, भिंतींवर १४ मोठी चित्रं. आत शिरल्यावर सगळे म्हणतात नुसता काळा रंग फासलाय. निघू नका. बाकावर दहा मिनिटं गप्प बसा. वरच्या झरोक्यातून उजेड येतो, ढग सरकला की काळ्यातून जांभळा दिसायला लागतो, मग वांग्यासारखा, मग कडेला तपकिरी. फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. बाहेर आल्यावर मेनिलच्या झाडांखाली डबा खा.

वेळ उरला तर मॅलोन स्ट्रीटवरचं बीअर कॅन हाउस, रेल्वेतून रिटायर झालेल्या एका माणसाने १९६८ पासून आधी अंगण सजवलं आणि मग बीअरचे डबे कापून कापून अख्खं घर मढवलं, अंदाजे ५०,००० डबे. रस्त्यावरूनही छान दिसतं, वारा आला की माळा किणकिणतात.

आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी वॉ ड्राइव्ह पूल. पुलाच्या फटींमध्ये हजारो वटवाघळं राहतात. आधी उग्र वास येतो, मग डोक्यावरच्या काँक्रीटमधून चिवचिव, मग दोन-चार सुटतात आणि मग एकदम धूर निघावा तशी रांग ओढ्यावरून वाहायला लागते. ऑस्टिनची वटवाघळं हिवाळ्यात मेक्सिकोला जातात, ही बारा महिने इथेच असतात, पण थंडीच्या रात्री बाहेर येत नाहीत, म्हणून उबदार दिवस बघून जा. २०१७ च्या हार्वी वादळात पाणी पुलाला टेकलं तेव्हा पुष्कळ मेली, लोकांनी जाळी घेऊन पाण्यातून काढून वाचवली होती. म्हणून टॉर्च मारू नका, खाली पडलेलं दिसलं तर हात लावू नका, रेबीजची भीती असते.

राइस युनिव्हर्सिटीतलं जेम्स टरेल या कलाकाराचं स्कायस्पेस पण सूर्यास्ताच्या वेळी बघायचं, छताच्या चौकोनातून आभाळ बघायचं आणि भोवती दिवे रंग बदलतात. वटवाघळं आणि हे एका दिवशी होत नाही, धावपळ करू नका, दुसरी संध्याकाळ ठेवा. जाण्याआधी चालू आहे ना एवढं बघा.

गाडीत पाणी, डासांचं क्रीम आणि एक शाल असू द्या, बाहेर घाम आणि प्रत्येक म्युझियममध्ये एसी इतका की आईला हुडहुडी भरते.