टेकडीवर गाड्या घालणाऱ्यांना आवर कसा घालावा?

पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण किंवा बावधनच्या बाजूला राहणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी सायलेन्सर बदललेल्या बाईक चढणीला लागतात, कधी त्यांच्या मागे एखादी जीपही असते. चालायला आलेली माणसं पायवाट सोडून झुडपात उभी राहतात. तक्रार बऱ्याच जणांनी केलेली असते. पण एकट्याने, तोंडी किंवा भलत्याच कार्यालयात. म्हणून ती तिथेच विरते. गाडीवाल्याला एकदा पकडून देण्यापेक्षा तो जिथून वर चढतो ती फट बंद करून घेणं जास्त टिकतं, असं माझं ठाम मत आहे. पुढची सगळी कामं त्या दिशेनेच करायची आहेत.

आधी जागा कोणाची ते शोधा

एकाच टेकडीवर वन विभागाची, महापालिकेची आणि खासगी मालकीची जमीन शेजारीशेजारी असू शकते. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहा आणि महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या संकेतस्थळावर गट नंबर जुळवा. जमीन वन विभागाची असेल, तर तुमचा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जायला हवा. उदाहरणार्थ, वेताळ टेकडीचा वनभाग भांबुर्डा वनपरिक्षेत्रात येतो. महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालय आणि उद्यान विभाग. खासगी जमीन असली तरी हात टेकू नका. लोकांना जायचा हक्क असलेली कोणतीही जागा मोटार वाहन कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ ठरते. तिथे पक्का रस्ता असलाच पाहिजे असं नाही.

कायद्यातली कलमं अर्जात लिहा

‘त्रास होतो’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर काय करायचं ते अधिकाऱ्याला ठरवावं लागतं. कलम दिलंत तर त्याचं काम सोपं होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली ही कलमं इथे लागू पडतात.

कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागेतच काय, ‘इतर कोणत्याही जागी’सुद्धा चालवता येत नाही. त्यामुळे ‘ही रस्त्यावरची गाडी नाही, फक्त मातीवर चालवतो’ हा बचाव टिकत नाही. धोकादायक चालवण्यासाठी कलम १८४ आणि शर्यतीसाठी १८९ आहे. आवाजाची मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीला कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला जबाबदार धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. सोसायटीच्या सूचनाफलकावर नुसतं हे एक कलम लावलं तरी घराघरांत बोलणं सुरू होतं.

राखीव वनात अनधिकृत प्रवेश हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. एक बारकावा लक्षात असू द्या. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या ई-बाईकला नोंदणी लागत नाही. तिच्यावर नंबर नाही म्हणून तक्रार करू नका. वनजमिनीवर असेल तर वन कायद्याचा आधार घ्या.

नोंद ठेवा, पाठलाग करू नका

एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, नेमकी जागा, गाड्यांची संख्या, दिसला तर नंबर, आणि त्या कुठून आत आल्या व कुठून बाहेर पडल्या. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा, कारण फटी त्यातूनच सापडतात. फोटो लांबून काढा आणि मोबाईलमधलं लोकेशन चालू ठेवा. गाडीवर काढलेला नंबर चुकीचा लिहिण्यापेक्षा अर्धाच लिहिलेला बरा.

कोणाच्याही गाडीपुढे आडवं उभं राहू नका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: दोन झाडांमध्ये तार किंवा दोरी बांधण्याचा विचारही मनात आणू नका. वेगात आलेल्या पोराचा गळा चिरला जाऊ शकतो आणि पहाटे अंधारात चालणारेही त्यात अडकतील. तार बांधणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल, आणि व्हायलाच हवा. मुलांचे चेहरे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणंही टाळा. नंबरवरून घर शोधायचं काम पोलिसांचं आणि आरटीओचं आहे.

गाड्या प्रत्यक्ष वर असतील तेव्हा ११२ ला फोन करा. वनजमीन असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनलाही कळवा. पत्ता सांगताना ‘टेकडीवर’ म्हणू नका. ‘खाणीच्या पाषाणकडच्या बाजूला’ अशी खूण सांगा आणि गाड्या कोणत्या वाटेने खाली उतरतील तेही सांगा. गस्तीची गाडी चढण चढून त्यांना गाठू शकत नाही, पायथ्याशी मात्र थांबू शकते.

अर्ज एकच, सह्या अनेक

काही आठवड्यांच्या नोंदी जमल्या की एक अर्ज करा आणि त्याच्या प्रती वन विभाग, स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक शाखा आणि क्षेत्रीय कार्यालय अशा सगळीकडे द्या. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का मारलेली पोच घ्या. अर्जावर शेजारच्या सोसायट्यांबरोबर पायथ्याच्या वस्तीतल्या लोकांच्याही सह्या हव्यात, कारण धूळ आणि आवाज त्यांनाही सोसावा लागतो. मागणी मोजकी ठेवा: अमुक तीन फटी बंद करणे, सुट्टीच्या सकाळी पायथ्याशी गस्त आणि फलक.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवसांची. गेल्या वर्षभरात या वनक्षेत्रात वाहनांवर किती कारवाया झाल्या, आमच्या अर्जावर काय टिपणी झाली, एवढं विचारलं तरी फाईल हलते.

फट बंद कशी करायची

सगळ्यात जास्त डोकं इथे लावायचं. माणूस गेला पाहिजे, बाईक नाही. नुसते खांब रोवले तर बाईक त्यांच्या मधून जाते. नागमोडी अडसर चालतो: दोन आडवे लोखंडी कठडे एकमेकांपासून थोडे सरकवून असे बसवायचे की माणूस वळून जाईल, पण लांब बाईक वळणार नाही. जीपसाठी मोठे दगड आणि आडवा चर पुरतो. वणवा विझवायला गाडी लागते, तेव्हा एका ठिकाणी कुलूपबंद फाटक हवं आणि किल्ली वनरक्षकाकडे. हे काम जमिनीच्या मालकाकडूनच करून घ्या. वनजमिनीवर परवानगीशिवाय खणलंत तर गुन्हा तुमच्यावर नोंदला जाईल.

दरम्यान, ओळखीच्या मुलांशी बोला. त्यातली बरीच आपल्याच गल्लीतली असतात. बाईक चिखलात घालायची हौस वाईट नाही. मालकाच्या परवानगीने चालणाऱ्या खासगी ट्रॅकवर ती भागवता येते. टिटवी, तित्तिर, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात आणि चाकाखाली ती दिसतही नाहीत, हे बऱ्याच मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना सोबत घेऊन एकदा चालत वर जा.

पावसाआधी चाकोऱ्या बुजवा

टेकडीवर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि कातळ. चाकोरी सरळ उतारावर पडली की पावसाचं पाणी तिच्यातूनच धावतं, माती वाहून जाते आणि गवताला मूळ धरायला काही उरत नाही. म्हणून मे संपायच्या आत वनरक्षकांच्या देखरेखीखाली चाकोरीत ठरावीक अंतरावर आडवे दगड रचून घ्या, म्हणजे गाळ अडेल. चालणाऱ्यांनीही पावसाळाभर त्या पट्ट्यावरून जाऊ नये. पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा चक्कर मारा: कठडे हलले आहेत का, बाजूने नवी वाट पडली आहे का? दिसली तर त्याच आठवड्यात जुन्या अर्जाचा आवक क्रमांक घालून लेखी कळवा.