चित्रखुणांतून मुलांना संगीतरचना शिकवताय? या चुका टाळा

जून संपत आला होता. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना मी म्हटलं, "पाऊस काढा, मग आपण तो वाजवू." अर्धा तास मुलं रंगवण्यात बुडून गेली. ढग आले, माड आले, छत्र्या आल्या, एकाने होडीसुद्धा काढली. वाजवायची वेळ आली तेव्हा एका मुलाने शेजारणीचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाई, ह्या कसा वाजवूचा?"

त्याचा प्रश्न रास्त होता. आवाजाच्या आधी मी कागद हातात दिला होता, त्यामुळे तो चित्रकलेचा तास झाला. सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच आहे.

आता क्रम उलटा ठेवते. आधी ऐकायचं. आमच्याकडे कौलांवरचा पाऊस वेगळा, पत्र्यावरचा वेगळा, आणि सर थांबल्यावर वळचणीला गळणाऱ्या पागोळ्या आणखी वेगळ्या. मग करवंट्या, बांबूचे तुकडे, डबा, झांज यांतून तो आवाज शोधायचा. सापडलेला तुकडा तीन वेळा सारखा वाजवायचा. तिसऱ्यांदा तो हमखास बदलतो, आणि मूल स्वतःच म्हणतं, "मघाशी असं नव्हतं." त्या क्षणी कागद द्या. पाव कागद आणि एकच काळा खडू पुरे. रंग मिळाले की मुलं आवाज विसरतात.

दुसरी चूक आपल्या बोलण्यातच दडलेली आहे. "आवाज चढव" म्हटलं की मूल ओरडतं, कारण घरी आवाज चढवणं म्हणजे रागावणं. "मोठा आवाज" म्हणजे जोराचा. "बारीक आवाज" म्हणजे कधी उंच, कधी हळू. "जाड आवाज" म्हणजे खालच्या पट्टीतला. आता विचार करा, मुलाने कागदावर जाड रेघ ओढली. ती जोराची आहे की खर्जातली? माझ्या वर्गात एकाच जाड रेघेवर एकाने ढोल बडवला आणि दुसरीने हळूच घोगरा सूर लावला. दोघांचंही बरोबर होतं. एका खुणेवर दोन अर्थ लादले गेले होते, एवढंच.

म्हणून एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या दिवशी फक्त जोर: ठिपका मोठा तर जोरात, लहान तर हळू. काही दिवसांनी लांबी: रेघ लांब तर आवाज लांब. उंची सगळ्यात शेवटी, कारण सूर 'वर' असतो हे मुलाला आपोआप कळत नाही. पेटीवर बोट वर जातच नाही, उजवीकडे सरकतं! शाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून गायलं, तळहात सुराबरोबर वर-खाली नेला, तर हळूहळू जोड बसते. कागदावर सुरुवातीला तीनच पट्टे आखा: खालचा, मधला, वरचा. मंद्र, मध्य, तार. मॉर्टन फेल्डमन या अमेरिकन संगीतकाराने १९५० साली चेलोसाठी चौकटींवर रचना लिहिली, तीतही नेमका सूर न सांगता वरचा, मधला, खालचा एवढंच सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलाला तेवढं भरपूर आहे.

इथेच पाण्याच्या पेल्यांचा खेळ घेणाऱ्यांनी सांभाळावं. पेल्यावर काडी मारली तर पाणी वाढेल तसा सूर उतरतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली तर पाणी वाढेल तसा सूर चढतो. दोन्ही एकाच तासात घेतलं आणि मुलांनी पाण्याची पातळी बघून उंची काढली, की निम्म्या वर्गाचे कागद उलटे येतात. एक दिवस पेले, दुसऱ्या आठवड्यात बाटल्या.

काही मुलं रचना गोलात काढतात. "डावीकडून उजवीकडे लिही" असं लगेच सांगू नका. शिमग्याचा ढोल किंवा भजनाचा ठेका ऐकत वाढलेल्या मुलाला फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणं अंगातून माहीत असतं आणि त्यासाठी गोल हीच नेमकी खूण आहे. आम्ही खळ्यात खडूने मोठा गोल काढतो, केरवा तालाच्या आठ मात्रांना आठ शिंपल्या ठेवतो, पहिलीपाशी फुली आणि पाचवीपाशी शून्य. मुलं टाळी देत त्यावरून चालतात, पाचवीला हात नुसता हलवतात. स्वर-ताल लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत सम आणि 'खाली' (टाळीशिवायची मात्रा) याच खुणांनी दाखवतात, हे त्यांना पुढे कधीतरी कळेल. जिथे गोष्टीसारखी सुरुवात आणि शेवट आहे, तिथे सरळ रेघ.

मुलं रिकामी जागा वाचत नाहीत, ती ओलांडून जातात. म्हणून शांततेलाही खूण द्या. शिंपली उताणी तर वाजवा, पालथी तर गप्प.

यापुढची चूक मला स्वतःला फार उशिरा कळली. ही लय टाळीने वाजवून बघा: टा, टा, टटटा. दोन सावकाश, तीन भरभर, आणि पुन्हा पहिल्यापासून. बरीच मुलं दोन मोठे गोल आणि तीन छोटे काढतात. एखादं मूल मात्र शेवटचा गोल मोठा काढतं, आणि आपण खोडरबर उचलतो. थांबा. त्या शेवटच्या टाळीनंतर पहिल्या दोघींनंतर असते तेवढीच वाट बघावी लागते, म्हणून मात्रेच्या हिशेबाने ती मोठीच आहे. पहिल्या मुलांनी कोणत्या टाळ्या एकत्र ऐकू येतात ते काढलं, या मुलाने प्रत्येक टाळीला किती वेळ लागला ते काढलं. जीन बाम्बर्गर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मुलांच्या अशाच चित्रांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि दोन्ही तऱ्हा समजुतीच्याच आहेत हे दाखवलं. दोन्ही कागद शेजारी लावा आणि मुलांनाच फरक शोधू द्या.

सा-रे-ग-म ची घाईही नको. खालचा-मधला-वरचा यात मुलाचं भागेनासं झालं, "ह्योच सूर परत येता, ता कसा दाखवू?" असं त्याने विचारलं, की अक्षर द्या. मग मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, एका मात्रेत दोन स्वर आले तर खाली कंस. प्रत्येक खूण गरज पडल्यावर दिली की ती पाठ करावी लागत नाही.

आणि कागद बरोबर की चूक हे बाईंनी ठरवू नये. तो दुसऱ्या मुलाला वाजवायला द्या, रचणाऱ्याने गप्प बसून ऐकायचं. नंतर एकच प्रश्न: तुला हवं तसं वाजलं का? नसेल तर खूण बदलायची, की वाजवणं?

त्याच पावसाळ्यात एका मुलीने पागोळ्या लिहिल्या होत्या, सात ठिपके, एकमेकांपासून लांब लांब जाणारे. मुलाने करवंटीवर ते सातही सारख्या अंतराने वाजवले. तिने मान हलवली, कागद ओढून घेतला आणि ठिपक्यांच्या मधे पोकळ गोल काढले: आधी एक, मग दोन, मग तीन. तो पुन्हा वाजवू लागला. शेवटच्या ठिपक्याआधी त्याने काठी उचलली तेव्हा तिने त्याचा हात धरला. "आजून वायच थांब."